अक्षरं संपली, डिस्क उरली

सदर इसम, ऊर्फ खुडबुडकाका, हे गादी कारखान्याच्या संगणक विभागाचे प्रमुख असून विभागातील एकमेव संगणकाचे तहहयात पालक आहेत.

त्या संगणकाची हार्ड डिस्क एक दिवस बसली. बाजारातून नवी आणली ती एवढी अवाढव्य, की म्हाताऱ्या संगणकाला तिच्या एका कोपऱ्यापलीकडे काही दिसेना.

मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सगळी डिस्क दिसली पाहिजे. नाहीतर हे धूड भंगारात, आणि तुम्ही कापूस पिंजायला."

उपाय एकच होता: डिस्कचे संगणकाला पचतील एवढे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला एकेक इंग्रजी अक्षराचं नाव द्यायचं. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखीव, म्हणून काका 'सी'पासून निघाले. 'झेड' आला तेव्हा डिस्क आत्ता कुठं सुरू होत होती.

"काका, उरकली का बारशी?" टायपिस्टताईंनी विचारलं.

"नावं संपली, ताई. पोरं अजून येतायत."

तेवढ्यात मालक आले. "बाकीची डिस्क कुठंय?"

"जागच्या जागी आहे, साहेब. पण तिला हाक मारायला इंग्रजीत अक्षरच उरलं नाही. मी तरी काय करू?"

मालक शाळेत इंग्रजीत दोनदा गचकले होते.

"मला तेव्हाच वाटलं होतं," ते म्हणाले. "ती भाषाच तोकडी आहे."

संगणक वाचला आणि काकांचं पदही.

कारखान्याच्या सगळ्या फायली 'सी'मध्येच मावल्या.