सकाळी एकदाच उकळलेली सुई

नागू डॉक्टर नव्हता, हे रामनगरात बायजाइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. तिचाच नवरा तो. लोंढ्याला एका डॉक्टरकडे सात वर्षं बाटल्या धुतल्या आणि काम सोडताना सुई टोचायची काचेची एक पिचकारी उचलून घरी आला. तेवढ्यावर सगळा गाव त्याला डागदर म्हणायला लागला!

आणि पद्धत तरी काय त्याची! सकाळी आंघोळ करायची, देवापुढं दिवा लावायचा, चुलीवर पिचकारी आणि सुई उकळायची. मग दिवसभर त्याच सुईनं येईल त्याला टोचायचं, मध्ये स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं. त्याच्या लेखी सुईचं सोवळं आंघोळीसारखंच होतं, सकाळी एकदा झालं की दिवेलागणीपर्यंत पुरायचं. बायजालाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

तिला शिसारी यायची ती गिऱ्हाइकांची. गोव्याकडे जाणारे ट्रक रस्त्याला लावून ड्रायव्हर भरदुपारी मागच्या दारी यायचे. ताप नाही, खोकला नाही, हवी असायची गुंगीची सुई. टोचून घेऊन पडवीत लाळ गाळत पडायचे आणि शुद्धीवर आले की ढाब्यामागच्या खोपटातल्या बायकांकडे जायचे. त्यांची ओकारी शेणानं सारवायची ती बायजानं.

"ह्यास्नी मराय दुसरी जागा न्हाई व्हय?" ती तोंड सोडायची. नागू नुसते दात काढायचा.

त्यातलाच एक झिलू. वर्षभरात वाळून काटकी झाला, तोंडात पांढरी बुरशी, अंगभर फोड. ट्रक सुटला, पण सुई काही सुटली नाही मेल्याची.

त्या वर्षी सून सुमनला दिवस गेले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मुलगा परशुराम कारवारला कामाला, तेव्हा सगळी काळजी बायजाच्याच जिवाला. नवस बोलायला ती उळवीच्या जत्रेला गेली, चार दिवस राहिली. परत येते तो झिलू गेल्याची बातमी, आणि दोन दिवसांनी जोयड्याच्या सरकारी नर्स शांताबाई दारात.

"बायजाक्का, झिलूला एड्स झाला होता," शांताबाईंनी ओट्यावर बसून सांगितलं. "निरोध न वापरता बाईकडं गेलं की होतो. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तरी होतो. औषध न्हाई त्यावर."

बायजानं आत जाऊन नवऱ्याला जसंच्या तसं ऐकवलं.

"रोज उकळतो न्हवं मी?" नागू फिस्कारला. "कालची पोर मला शिकवतीया!"

त्याच आठवड्यात सुमनला ताप भरला. बायजा गोठ्यातून आली, तर पडवीत एक ड्रायव्हर नुकताच टोचून घेऊन आडवा झालेला आणि आत नागू तीच सुई बोळ्यानं पुसत सुनेपुढं उभा. बायजाच्या अंगाचा नुसता भडका उडाला. तिनं त्याच्या हातातली पिचकारी हिसकावली आणि पेटत्या चुलीत टाकली. काच फुटली.

"डोस्कं फिरलं काय तुझं?" नागू अंगावर धावून आला.

"हात तर लावून बघ मला! थू तुझ्या डागदरकीवर! त्या कुत्र्यांची घाण माझ्या सुनंच्या अंगात घालतोस? गाव जेवला तुझ्या हातचं इख, आता नातवालाबी पाजायचं हाय?" मग सुमनकडं वळून म्हणाली, "भिऊ नगं बाय. मी येळंवर आले."

शांताबाईंचं ओट्यावरचं बोलणं सुमनला आत सारं ऐकू गेलं होतं. तिनं सावकाश चोळीची बाही वर केली. दंडावर दोन डाग होते, जुने होत आलेले.

"आत्याबाई, तुम्ही उळवीला होता तवा मामंजींनी शक्तीच्या दोन सुया दिल्या. तवा पडवीत झिलू टोचून घिऊन पडला व्हता."

बायजानं नवऱ्याकडं पाहिलं.

"स्पिरिट लावलं व्हतं की," नागू म्हणाला.

ती त्याच्या तोंडावर थुंकली. मग सुमनच्या अंगावर आपलं एक लुगडं पांघरलं, तिचा हात धरला आणि शांताबाईंना गाठायला जोयड्याच्या बसला निघाली.