पटायाला जाणाऱ्यांना सल्ला

कर्जतमधून कुणी पटायाला निघाला की आधी शेठच्या रंगाच्या दुकानात जातो. विक्रीचं बक्षीस म्हणून कंपनीने आम्हा दुकानदारांना तिकडे नेलं होतं, तेव्हापासून सल्ला त्यांचाच. काउंटरवर बोट आपटत ते सांगतात, “शर्ट घेताना भाव निम्म्यावरनं सुरू करा. मीटर टाकल्याबिगर टॅक्सीत बसायचं नाय. हॉटेलचं कार्ड खिशात पायजेच.”

“आन् रात्रीचं काय, शेठ? तुमी तर रोज गायब व्हायचात म्हनं!” पोरं डोळे मिचकावतात. ते रंगाचा डबा हलवत राहतात.

ते कुठे जायचे, हे मी पाहिलं आहे. झगमगत्या रस्त्यावरून मोबाइल उंच धरून ते चालले होते. “बघ गं, हे दिवे बघ,” असं म्हणत घरी अंथरुणाला खिळलेल्या बायकोला सगळा बाजार दाखवत होते. इतकी वर्षं पोरं हसली, मी बोललो नाही. बोललो असतो तर त्या वेळी मी कुठल्या दारातून बाहेर पडत होतो, तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी मला पाहिलं होतं.

निघणाऱ्याला ते शेवटी एवढंच बजावतात, “रात्री कुणी गाववाला दिसला तर हाक मारू नका. आन् घरी आल्यावर इसरून जा.”