पिक्चरात मिशी कुणाची कापली?

खुर्ची माझी होती. वस्तरा माझा होता. साबणसुद्धा माझाच. आणि त्या खुर्चीत त्या दिवशी मी बसल्तो, माझाच वस्तरा माझ्या गळ्याला लावून विजूभाऊ उभा होता.

बाजाराचा दिवस. अंबड तालुक्यातलं आमचं गाव, रस्त्याच्या कडंला चौक, चौकात माझं हजामतीचं दुकान. दुकान म्हणजे काय, चार बल्ल्या, वर पत्रा, एक लाकडी खुर्ची. विजूभाऊ म्हणजे बापूसाहेबांचं धाकटं पोरगं. बापूसाहेब गावातले मोठे जमीनवाले. त्यांच्या घरची सगळी डोकी मी सालभर करायची आणि खळ्यावर जवारी घ्यायची, हे माझ्या बापापासून चालत आल्तं. विजूभाऊचं जावळ माझ्या हातानं निघालं. मामाच्या मांडीवर बसून रडत होता, मी त्याच्या तोंडाला गूळ लावल्ता. आता अंबडला कॉलेजात जायला लागल्ता. मी त्याला अहोजाहो करायचो. तो मला अरेतुरे.

दोन दोस्त संगं घेऊन आला. म्हणला, "बस खुर्चीत."

मला वाटलं, मस्करी. "भाऊ, तुमी बसा ना. दाढी करायची का?"

"तू बस म्हणलं ना."

दोस्तांनी खांदे दाबले. विजूभाऊनं ब्रश घेतला, माझ्या तोंडाला साबण फासला, डोळ्यांत गेला. मंग आवाज घोगरा करून हिंदीत ओरडला, "अरे बाजारवालो, देखो!" भाजी घेणारे, बैल बघणारे, हॉटेलातले, सगळे गोळा झाले. मानेवर थंड पातं. मंग ओठावर. सरकन डाव्या बाजूची मिशी गेली.

शिट्या वाजल्या. कोणीतरी चिल्लर फेकली, ती पत्र्यावर वाजली.

आणि मी हसलो.

हे लिहून राह्यलो तर अजून कान गरम होतात. कोणी हसवलं न्हाई मला. मीच हसलो. लोक हसत होते, त्यांच्यात मिळून जावं म्हणून हसलो. आपण हसलो म्हणजे मस्करी झाली, न्हाई हसलो तर दुसरंच काही झालं, आणि त्या दुसऱ्याचं नाव घ्यायची माझी छाती न्हवती. हसता हसता मी हात जोडले. "झालं ना भाऊ, सोडा आता."

हॉटेलच्या बाकड्याजवळ माझा सुदाम उभा होता. नववीतलं पोरगं. तो हसला न्हाई. माझ्याकडं बघून राह्यला, आणि मंग तिथून गेला.

आता हे विजूभाऊला सुचलं कुठून, ते सांगतो. हॉटेलाच्या मागं पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ लागायचा. जालन्याहून टीव्ही अन् व्हिडिओची पेटी भाड्यानं आणायचे. तिथं एक पिक्चर लागलं, ते सगळ्या गावानं पाहिलं. मी अन् सुदामनं पाहिलं. हिरो हमाल असतो. गावचा ठाकूर त्याच्या बापाला मारतो, घर जाळतो. शेवटाला हिरो ठाकुराला बंगल्यातून ओढत बाजारात आणतो, न्हाव्याच्या खुर्चीत बसवतो अन् अर्धी मिशी कापतो. मंग पुढं जे करायचं ते करतो. ती मिशी गेली तवा आमी खाली पोत्यावर बसलेले उठून नाचलो. मी शिट्टी मारली. पुढं खुर्च्यांवर विजूभाऊ अन् त्याचे दोस्त होते, त्यांनीबी मारली.

त्या पिक्चरनं गावात फरक पडला, मी न्हाई म्हणत न्हाई. पोरं कॉलर उभी करून फिरायला लागली. शाळेत एकानं दुसऱ्याचं डोकं फोडलं, सोड्याच्या बाटलीनं. सुदाम आरशासमोर उभा राहून दात आवळायचा, मी पाहिलं होतं. तर मिशी गेली त्या दिवशी बाजार उठायच्या आधीच मी दुकान बंद केलं. घरी सुदामच्या मायनं तोंड बघितलं अन् पदर तोंडाला लावला. म्हणली, "उरलेली काढून टाका अवं. कोणी बघायच्या आत."

"बघितली सगळ्यांनी," मी म्हणलं. काढली न्हाई. तवा का काढली न्हाई, माझं मलाच कळलं न्हाई. हट्ट म्हणा.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी बोलावलं. ओसरीवर ते, सरपंच अन् शाळेचे एक गुरुजी. विजूभाऊ ओसरीवर दिसला न्हाई. बापूसाहेब वाईट माणूस न्हवते, असं सगळे म्हणायचे. मीबी म्हणायचो. ते म्हणले, "पोरगं आहे. पिक्चर पाहिलं अन् डोक्यात भरलं. ही व्हिडिओची थेरं पहिले बंद केली पाहिजेत."

गुरुजी म्हणले, "बराबर आहे. कोवळं मन असतं. जे बघतात ते करतात. दोष पोराचा न्हाई, पडद्याचा आहे."

सरपंच हसत म्हणले, "अन् तूबी हसतच होता की रे! मी होतो ना तिथं. हसला का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघून राह्यले.

मी म्हणलं, "जी. हसलो."

"मंग झालं तर."

मी पायऱ्या उतरून आलो. चपला हातात होत्या माझ्या, त्यांच्या अंगणात घालत नसू आमी. रस्त्याला लागल्यावर घातल्या. बाजारात मिशी गेली होती, ओसरीवर बाकीचंबी गेलं. तिथं तर मला कोणी दाबून धरलं न्हवतं.

घरी येऊन धोकटी उघडली. धोकटी म्हणजे आमची सामानाची चामड्याची पिशवी. कात्री होती, मशीन होतं, तुरटी होती. वस्तरा न्हवता.

मी पळत सुटलो. कुठं जायचं ते कोणाला विचारायची गरज न्हवती. अंबडची एसटी दुपारी फाट्यावर थांबायची, कॉलेजची पोरं तिच्यातून उतरायची. सुदाम फाट्यावर बाभळीखाली बसल्ता. गळ्याला रुमाल, हिरोसारखा गाठ मारलेला. हात सदऱ्याच्या आत.

"दे," मी म्हणलं.

"न्हाई देत."

"सुदाम, दे इकडं."

"तू जा ना बा. तू जाऊन हास."

मी त्याला मारायला हात उचलला अन् तसाच राह्यला हात. एसटी येताना दिसत होती. धूळ दिसत होती. मी त्याच्यासमोर खाली बसलो, त्याचं मनगट सदऱ्यावरून धरलं अन् धरूनच राह्यलो. एसटी थांबली. विजूभाऊ त्या दिवशी आला न्हवता. एसटी गेली. तवा सुदामनं मूठ सोडली. पातं उघडंच होतं, त्याच्याच पोटाला ओरखडा पडल्ता.

तिथं बाभळीखाली मला कळलं. उशिरा कळलं, पण बिलकुल साफ कळलं. ह्या पोरानं आज वार केला असता तर कोणता गुरुजी म्हणला असता, कोवळं मन आहे? कोणी म्हणलं असतं, पिक्चर पाहिलं? एकच पिक्चर, एकच खोली. विजूभाऊनं केलं तर पिक्चरनं केलं. माझ्या पोरानं केलं असतं तर माझ्या पोरानं केलं असतं. फौजदारानं त्याला फाट्यापासून मारत नेलं असतं, अन् गाव म्हणलं असतं, ह्यांची जातच तसली.

आणि मी गप बसलो तर ते पोरगं पुन्हा वस्तरा उचलणार होतं. आज न्हाई तर पुढच्या बाजाराला.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांच्या दाढीचा वार होता. मी धोकटी घेतली अन् सुदामला म्हणलं, "चल संगं."

"मी न्हाई येत."

"चल. बघ फक्त."

ओसरीवर बापूसाहेब बसले. मी पाणी लावलं, साबण लावला. सुदाम खाली अंगणात उभा, चपला हातात घेऊन. मी वस्तरा चामड्यावर घासला. बापूसाहेबांनी डोळे मिटले अन् मान मागं टाकली. सगळा गळा समोर. आदल्या दिवशी माझ्या तोंडावर माझी इज्जत मोडीत काढलेला माणूस, अन् त्याला माझी काडीची भीती न्हवती. आपल्या पोरानं ज्याच्या गळ्याला वस्तरा लावला, त्याच्याच वस्तऱ्याखाली तो झोपल्यासारखा बसल्ता.

मी सुदामकडं पाहिलं. त्याला वाटलं, आता पिक्चर होणार.

मी वस्तरा मिटला.

"मालक, एक इचारू का?"

"इचार की," डोळे न उघडता म्हणले.

"तुमी म्हणता पोरानं पिक्चर पाहून केलं. पिक्चरात मिशी कुणाची कापली?"

डोळे उघडले. "काय?"

"ठाकुराची कापली. कापली कोणी? हमालानं. मंग पिक्चर पाहून कापायची होती तर विजूभाऊनं ह्या ओसरीवर कापायला पाहिजे होती. माझ्या दुकानात कशाला आला? वस्तरा कसा धरायचा ते पिक्चरनं शिकवलं असंल. कोणाला लावायचा ते पिक्चरनं न्हाई शिकवलं. ते ह्या घरात शिकला."

"तोंड सांभाळून बोल."

"सांभाळलं मालक, बापापासून सांभाळलं. ह्याच्यापुढं तुमच्या घरच्या डोक्याला माझा हात लागणार न्हाई. जावळाला न्हाई, लग्नाला न्हाई, मयताला न्हाई."

धोकटी भरली. त्यांच्या तोंडावर साबण तसाच होता, वाळत होता. पायऱ्या उतरलो अन् अंगणातच चपला घातल्या. सुदामला म्हणलं, "घाल." त्यानंबी घातल्या. मागून बापूसाहेब ओरडून राह्यले, "भीक मागशील!" आमी थेट फाट्यावर आलो अन् अंबडची एसटी धरली.

ठाण्यात फौजदारानं माझं तोंड पाहिलं अन् रुमाल लावून हसला. "अरे, पिक्चरची नक्कल केली पोरांनी. मनावर काय घेतो?" मी बाकड्यावर बसलो. जा म्हणलं तर गेलो न्हाई. मागच्या दारानं बापूसाहेबांचा माणूस आला, साहेबाच्या कानात बोलून गेला, तरी बसलो. "लिहून घ्या," एवढंच म्हणत होतो. दिवस मावळताना लिहून घेतलं.

मंग मिशीचं. डाव्या बाजूला केस उगवायला लागले, तशी मी ती बाजू रोज सकाळी स्वतः साफ करायला लागलो. उजवी राखली. गाव म्हणायचं येडा झाला. लेकरं मागं लागायची. त्याच तोंडानं मी चौकात दुकान उघडत होतो. गिऱ्हाईक निम्मं तुटलं, खळ्यावरची जवारी तर गेलीच. सुदामची माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायला लागली. लाज वाटायची का? वाटायची. रोज वाटायची, आरशात बघताना. पण कोर्टात तारखेला उभं राहायचं तर झालं तसंच तोंड घेऊन उभं राहायचं, असं मी मनाशी धरलं होतं.

तारखा लई पडल्या. त्यांचा वकील म्हणला, कोवळं वय आहे, पडद्यावरच्या मारामारीचा परिणाम आहे, मुलाचं भविष्य बघावं. मला म्हणले, समझोत्यावर अंगठा दे. मी म्हणलं, सही येते मला, पण देत न्हाई. विजूभाऊला समज देऊन सोडलं. त्याचं लग्न झालं, पुढं तो सोसायटीचा चेअरमन झाला. बापूसाहेब गेले तवा त्यांना अंबडहून न्हावी आणावा लागला. मी दुकानात बसून होतो.

सुदाम जालन्यात असतो. त्याचं स्वतःचं दुकान आहे. त्यानं पुन्हा कधी कोणावर हत्यार उचललं न्हाई. पण त्यानं मला आजपर्यंत एक गोष्ट इचारली न्हाई, की बा, तू हसला काऊन? इचारलं असतं तर बरं झालं असतं. मला त्याचा जबाब देता येत न्हाई अजून.

आता घरोघर केबल आहे. मागं फाट्यावर मोठ्या घरच्या पोरांनी ऊसतोडीवाल्याच्या पोराला साखळीनं मारलं. डोळा गेला त्याचा. शाळेत सभा झाली. नवे गुरुजी, नवा सरपंच, बोलणं तेच. टीव्हीनं पोरं बिघडली, काय करणार. लोक माना हलवून राह्यले. ज्याचा डोळा गेला त्याचा बाप मागं भिंतीला टेकून उभा होता, हात जोडून. त्याच्या तोंडावर हसू होतं. तसलं हसू मी ओळखतो.

मी उठलो. म्हणलं, "टीव्ही तर ह्याच्याबी पोरानं पाहिला. मंग ह्याच्या पोरानं कोणाचा डोळा काढला, सांगा."

"बसा बाबा तुमी," सरपंच म्हणला.

मी बसलो न्हाई. त्या माणसाजवळ गेलो अन् त्याचे जोडलेले हात धरून खाली केले. म्हणलं, "हसू नको. ठाण्यात जायचंय आपल्याला."