लिटाच्या आईची गिनती

माझी शेवटची पोस्टिंग सिंगापूर, तीही मुलाच्या हुकमावर. हौगांग, बारावा मजला. त्याआधी बावीस वर्षं फौजेत सिग्नलला, वायरलेस सेटवर होतो. हवालदार म्हणून सुटलो. शाळा सातवीपर्यंत. लिहिण्यात चूक निघेल, सांगण्यात निघणार नाही.

बायको कुसुम अंथरुणाला खिळली तेव्हा लिटा कामाला आली. फिलिपिन्सच्या लेते बेटावरची, भाषा वाराय. सकाळी सहाला दोघींचं सुरू. "माउपाय न्गा आगा." म्हणजे शुभ सकाळ. "सलामत." म्हणजे आभार. मला ती लोलो म्हणे, आजोबा. मी हसायचो.

"हसा," कुसुम म्हणाली. "फौजेत दहा भाषांतल्या शिव्या शिकलात. इथे एक सलामत तोंडातून निघेना."

मग तिचे शब्द लिहायला वही घेतली. कुसुम गेली तेव्हा वही अर्धी भरली होती. लिटा घरकामाला तशीच राहिली.

२०१३ च्या नोव्हेंबरात लेतेवर वादळ आलं. लिटाचं घर समुद्राकाठी. आई, भाऊ, दोन भाच्या. पाच दिवस फोन बंद. सहाव्या दिवशी सकाळी सहा चाळीसला भावाचा फोन आला. फोन उसना, मागे माणसांची रांग. इकडे लिटा ओरडून रडतेय, तिकडे तो. लाइन तुटली. सात पाचला पुन्हा तेच.

सात वीसला फोन मी घेतला, स्पीकरवर टाकला.

"बाबा, तुम्हाला काय समजणार? तिला द्या," मुलगा म्हणाला.

"गप. सेट माझ्याकडे आहे."

लिटाला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, रडणं नंतर, आधी गिनती. नावं सांग.

बुही म्हणजे जिवंत. वहीत होता शब्द. एक नाव, एक शब्द, मग थांबायचं. सेटवर असंच बोलतात.

"मारिया. बुही?"

"बुही."

"जोय. बुही?"

"बुही."

"नानाय. बुही?" नानाय म्हणजे आई.

खरखर. मग, "पाताय."

हा शब्द वहीत नव्हता. लिटाच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळला. असा निरोप पुन्हा सांगायला लावत नाहीत. फोन तिच्या हातात दिला. ती हळू बोलली. लाइन चार मिनिटं टिकली.

देव्हाऱ्याशेजारी मी तिच्या आईचा फोटो लावला.

"बाबा, परक्या बाईचा?"

"परकं कोण ते मी ठरवीन."

रोज सहाला गिनती होते. शिंदे आणि थॉमस, माझ्या सेक्शनचे, पोस्टवर पडलेले. कुसुम. नानाय रोसा. मी नाव घेतो, लिटा हजर म्हणते. मग चौघांना माउपाय न्गा आगा.

कोणाला खटकत असेल तर त्याने सहाला उठून यावं.