राधाच्या मापाच्या हिरव्या बांगड्या

दाजीबानपेठेत मथुराक्काच्या तोंडाला कुणी लागत नसे. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती निघाली की समोरच्या बैलगाडीने थांबायचे, हा तिने स्वतःच केलेला कायदा होता. जातीची कासारीण. नवरा रामचंद्र दुकानात बसून जांभया देत असे आणि ही हुबळीच्या गल्ल्या पालथ्या घालून, बाजाराच्या दिवशी रेल्वेने थेट अळणावरपर्यंत जात असे. कानडीत बांगडीला बळे म्हणतात, म्हणून तिकडच्या बायका तिला ‘बळेगार अक्का’ म्हणत.

मी तिच्या शेजारी राहत असे. मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. ती हाताचे सांधे अशी दाबायची की बांगडी कधी चढली ते कळायचेही नाही. बांगडी तिच्या घरात कधी फुटली नाही, नेहमी ‘वाढली’; ‘फुटली’ म्हणणे अशुभ. आणि कासारणीसमोरून सवाष्ण रिकाम्या हाताने उठता कामा नये, हा तिच्या सासूने घालून दिलेला नेम. बाईजवळ पैसे नसले तर पुढच्या खेपेला दे म्हणायची, पण हात भरूनच पाठवायची.

मग लढाई आली. तिचा एकुलता मुलगा लक्ष्मण मोटार चालवायला शिकला होता, तेवढ्यावर त्याला लष्करात घेतले. राधाशी लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. लढाई विलायतेच्या राजाची, शत्रू जपानचा, आणि पोरगा दाजीबानपेठेचा! हे त्रांगडे मला अजून उलगडलेले नाही. तो मलायात गेला, सिंगापूर पडले आणि त्याची खबर बंद झाली. सरकार म्हणाले, बेपत्ता. मेलेल्याचे सुतक तरी संपते; बेपत्ता माणसाचे काय करायचे ते कुठल्या शास्त्रात लिहिलेले नाही.

त्या दिवसापासून मथुराक्काचा डोळा राधाच्या मनगटावरून हलला नाही. राधाच्या हातात काच आहे तोवर लक्ष्मण आहे, असे तिने मनाशी धरले. भांडी घासायची नाहीत, रहाट ओढायचा नाही, सगळे ती स्वतः करू लागली. कुठे किणकिण झाली की धावत यायची. “राधे, हात बघू.” राधा बिचारी झोपेतसुद्धा हात अंगापासून लांब धरायला शिकली. तिच्या तोंडावरची रया गेली, पण ती सासूला एका शब्दाने बोलली नाही.

त्यातच माल यायचा थांबला. रेल्वेचे डबे लष्कराला. उत्तरेकडून बांगड्या कोण आणणार? पाटी रिकामी झाली. तेव्हा मथुराक्काने राधाच्या मापाच्या काही हिरव्या बांगड्या लक्ष्मणच्या सदऱ्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली.

एका दुपारी अळणावरकडची शांता आली. तिचा नवरा परशुराम इटली नावाच्या मुलखात लढत होता. कडबा बांधताना तिच्या एका हातातल्या सगळ्या बांगड्या वाढल्या होत्या. मी तिथेच बसले होते.

“अक्का, एक तरी घाल की गं. ओका हात घेऊन घरात वावरवत न्हाई बघ.”

मथुराक्काने तिच्या मनगटाकडे पाहिले. राधाचेच माप. तिचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला आणि परत आला.

“न्हाईत, बाई. एकसुद्धा न्हाई. हळदीचा दोरा बांध.”

शांता दोरा बांधून गेली. मथुराक्का भिंतीला टेकून खाली बसली. “माझ्या पोराचं काय झालं असतं?” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

सुगीच्या दिवसांत परशुराम मेल्याची बातमी आली. मथुराक्काला अन्न गोड लागेना. मी शेवटी चिडले. “अहो, तिथल्या तोफेला तुमच्या पेटीतल्या काचा दिसत होत्या काय?”

“तुला शाळा कळती, काच कळत न्हाई,” ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

लढाई संपली. कैदेतून सुटून लक्ष्मण घरी आला. निव्वळ हाडांचा सापळा. ताट पडले तरी दचकून भिंतीकडे सरकणारा. मथुराक्काने आधी राधाच्या मनगटाकडे पाहिले, मग मुलाला पोटाशी धरले. पेठेने पेढे खाल्ले. मथुराक्काने तोंडात घातलेला पेढा हळूच पदरात काढून ठेवला, तो मी पाहिला. “दुसरीचं कुंकू पुसून माझ्या घरचं राखलं,” ती मला म्हणाली. मला भीतीच वाटली तिची.

काही दिवसांनी म्हणाली, “अळणावरला येतीस काय? एकटीला धीर होत न्हाई.”

शांता अंगणात मिरच्या वाळत घालत होती. कपाळ मोकळे, दोन्ही मनगटे मोकळी. विधवेच्या हाताला कासारीण शिवत नाही. मथुराक्काने मात्र खाली बसून तिचा हात हातात घेतला आणि सवयीने सांधे दाबायला लागली.

“त्या दिवशी पेटीत होत्या गं. राधेसाठी राखलेल्या. मी खोटं बोलले.”

शांता दुसऱ्या हाताने मिरच्या पसरत राहिली. तिने शिव्या द्याव्यात असे मला वाटत होते. मथुराक्का त्याच खायला आली होती. पण तिने हळूच, खरेच जाणून घ्यायचे असल्यासारखे विचारले, “त्या घातल्या असत्यास, तर आमचा माणूस परत आला असता काय, अक्का?”

मथुराक्काला काय वाटते ते मला ठाऊक होते.

“न्हाई, लेकी,” मथुराक्का म्हणाली. “काचंत काय असतंय? काच ती काच.”

इतक्या वर्षांत मी सांगून थकले होते, ते ती आज स्वतःच्या तोंडाने बोलली. शांताचा जीव थोडा हलका व्हावा म्हणून बोलली. शांताने मान हलवली. हात सोडवून घेतला नाही.

“मग का घातल्या न्हाईस, अक्का?”

मथुराक्का तिचे सांधे दाबतच राहिली.