कोऱ्या चहाचा रंग

अनुभव सांगायला कुणी उभं राहिलं की मी घड्याळाकडे बघतो, हे आधीच कबूल करतो. मी शाळेत गणित शिकवतो. उत्तर बरोबर असलं तरी मधल्या पायऱ्या दाखवल्या नसतील तर मी मार्क कापतो, आणि भक्तांच्या अनुभवांत नेमक्या मधल्याच पायऱ्या गाळलेल्या असतात. माणूस संकटात होता, मग देव आला, मग सगळं छान झालं. मध्ये काय झालं ते कुणी सांगत नाही. म्हणून माझं मी सगळ्या पायऱ्यांसकट मांडतो आहे. त्यात एक जागा अशा लेखात न शोभणारी आहे, पण तीच गाळली तर उरतं काय?

आमच्या घराण्याकडे नंदीध्वज पेलण्याची सेवा आहे. सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो की संक्रांतीला आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. दुमजली घराला मागे टाकील असा उंच सजवलेला बांबू, आणि तो एका वेळी एकाच माणसाने कमरेशी तोलून चालायचं. तो दमला की दुसरा घेतो. आमच्या गटात कुणी कुठून कुठपर्यंत पेलायचा हे ठरलेलं असतं. देवळाजवळचा शेवटचा टप्पा माझ्या वडिलांकडे होता, ते गेल्यावर माझ्याकडे आला. माझा चुलतभाऊ शिवानंद माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि अंगानं दणकट. तो टप्पा आपल्याला मिळायला हवा होता असं त्याचं म्हणणं. त्यावरून एकदा शब्दानं शब्द वाढला आणि चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सरावाला एकच मैदान, एकच बांबू. त्याच्या हातातून तो माझ्या हातात यायचा, पण तोंडातून शब्द नाही.

त्या साली यात्रेला महिना असताना मला ताप आला. घरोघरी होता तसाच, व्हायरल. चौथ्या दिवशी उतरला आणि सहाव्या दिवशी मी सरावाला हजर. पोटऱ्या दुखत होत्या, मांड्या दगडासारख्या टणक झाल्या होत्या. पण सरावाच्या दिवसांत कुणाच्या मांड्या दुखत नाहीत? आमच्याकडे हे दुखणं अभिमानानं मिरवायचं दुखणं असतं. गटातले वयस्कर आप्पा, ज्यांनी आम्हा दोघा भावांना पेलायला शिकवलं, त्यांचं ठरलेलं वाक्य आहे की सरावाचं दुखणं सरावानंच जातं. त्यांनी दोन संध्याकाळी कोमट तेलानं माझ्या मांड्या जोर लावून चोळल्या. मी ओठ दाबून पडून राहिलो, कारण पलीकडे शिवानंद उभा होता. घरी येऊन दुखण्यावरची गोळी घ्यायची, सकाळी अजून एक. बायकोचं माहेर अक्कलकोटकडचं. ती फार चिडली की कानडीत बोलते. तिसऱ्या दिवशी मला पलंगावरून उठताना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागला, ते बघून ती एवढंच म्हणाली, "साकु." म्हणजे पुरे. मी ऐकलं नाही.

लघवी गडद व्हायला लागली होती. मी म्हटलं, उष्णता असेल, नाहीतर कावीळ. यात्रा झाली की बघू. दिवसभर वर्गात उभं राहायचं म्हणून पाणी कमी पिण्याची मास्तरकीची सवय होतीच. त्या शनिवारी सकाळच्या शाळेला जाताना देवळात गेलो आणि हात जोडून जे बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, देवा, इतकी वर्षं मी तुला पेललं, आता महिनाभर माझे पाय तू सांभाळ. प्रार्थना कसली ती! केलेल्या सेवेची आठवण करून देणं होतं ते. देवळाभोवतीच्या तलावाकडून परत येताना चार पायऱ्या चढायला मला कठड्याला धरावं लागलं. मनात आलं, इथं कुणी ऐकतं तरी का?

दुपारी शाळा सुटल्यावर सात रस्त्याजवळच्या सार्वजनिक मुतारीत शिरलो. हीच ती न शोभणारी जागा. वर छप्पर नाही, लख्ख ऊन, पांढऱ्या फरश्या. शेजारी एक म्हातारा उभा होता, धोतर, वर स्वेटर, पायात रबरी चप्पल. दोघांमधला आडोसा फुटलेला. मी बटण लावत होतो तेवढ्यात तो माझ्याकडे न बघता खालच्या फरशीकडे बघून म्हणाला, "सर, राग मानू नका. हा रंग बरोबर नाही."

मला राग आलाच. अनोळखी माणसानं कुठं नजर टाकावी याला काही ताळतंत्र? पण तो हटेना. तो तेलुगू वळणाच्या मराठीत बोलत होता. चादरींच्या रंगखात्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती म्हणे. रंगाच्या बाबतीत आपला डोळा फसत नाही, असं त्यानं मला समजावलं. "काविळीचा पिवळा उतरतो. ह्यात पिवळा नाही, लाल आहे. कोऱ्या चहाचा रंग आहे बघा. आजच दाखवा." मी बरं बरं म्हणत बाहेर पडायला गेलो. दाराशी एक पायरी आहे, एकच. ती उतरताना गुडघ्यातून पाय गेले आणि मी बसलो तो बसलोच. उठता येईना. मांड्यांना उठा म्हणून सांगत होतो आणि त्या जणू दुसऱ्याच कुणाच्या होत्या. तेव्हा मी भ्यालो. खरंच भ्यालो. म्हाताऱ्यानं रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याच्या मदतीनं मला आत बसवलं, दवाखान्यात सोड म्हणून सांगितलं आणि तो आला तसा गेला. मी नावसुद्धा विचारलं नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं. स्नायूंना इजा झाली की रक्तात जो आकडा वाढतो तो इतका मोठा आला की लॅबवाल्यांनी पुन्हा एकदा तपासून पाहिला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी फोड करून सांगितलं ते मला पटलं, कारण त्यांनी एकही पायरी गाळली नाही. व्हायरसच्या तापानंतर कधी कधी स्नायूंना सूज येते. बहुतेकांची विश्रांतीनं जाते. मी विश्रांतीऐवजी त्यांच्यावर बांबू पेलला आणि वर ते चोळून घेतले. स्नायू आतून फुटायला लागले, त्यांतला रंग रक्तातून मूत्रपिंडात उतरला आणि तिथं अडकायला लागला. गोळ्या आणि कमी पाणी, दोन्हींनी त्यात भर घातली. बाई म्हणाल्या, "अजून दोन दिवस काढले असते तर डायलिसिसवर ठेवावं लागलं असतं." मग सलाईनवर सलाईन. किडनी राहते की जाते हे चार दिवस नक्की नव्हतं. बायको रोज लघवीच्या बाटलीतला रंग खिडकीच्या उजेडात धरून बघायची. कोरा चहा, मग फिका चहा, मग लिंबाचं सरबत. पाचव्या दिवशी ती बाटली हातात धरून ढसाढसा रडली. त्याआधी रडली नव्हती.

किडनी वाचली. पण मांड्यांत आणि दंडांत जोर नव्हता. खुर्चीतून उठवायला माणूस लागे, कंगवा डोक्यापर्यंत जात नसे. ताकद येईल, पण महिन्यांच्या हिशेबानं, आणि यात्रेचा विषय काढायचा नाही, असं बाईंनी बजावलं. आप्पा भेटायला आले. आपल्या हातून चूक झाली म्हणून खाली मान घालून बसले होते. टप्पा कुणाला द्यायचा हे त्यांनी विचारलं नाही, पण विचारायलाच आले होते. चार वर्षं जो विचार आला तरी अंगाचा तिळपापड व्हायचा, तो त्या वेळी आला आणि आत काहीच पेटलं नाही. स्वतःच्या अंगावरची चादर ओढायला ज्याला नर्स लागते त्यानं माझा टप्पा, माझा टप्पा काय म्हणायचं? मी म्हणालो, "शिवाला द्या." आप्पांनी डोळे पुसले. मला मात्र हलकं वाटलं, एवढंच आठवतं.

त्या म्हाताऱ्याचं इथंच सांगून टाकतो. फाल्गुनात चालता यायला लागल्यावर त्याला शोधायला गेलो. साधू वगैरे असता तर सापडला नसता. हा तिसऱ्या दिवशी त्याच मुतारीच्या बाहेर सापडला. मी पाया पडायला वाकलो तर मागं सरकला. मला म्हणाला, मला साखर आहे, दर अर्ध्या तासाला इथं यावंच लागतं, घर लांब आहे. म्हणजे त्याच्या साखरेमुळे माझी किडनी राहिली. त्याला चार दशकं रंगखात्यात कुणी उभं केलं आणि माझ्या शेजारची जागा त्या मिनिटाला कुणी रिकामी ठेवली, हे मी सिद्ध करून दाखवू शकत नाही. पूर्वी अशा ठिकाणी मी मार्क कापले असते. आता कापत नाही.

यात्रेच्या दिवशी बायकोनं देवळाजवळच्या एका ओळखीच्या दुकानापुढं प्लास्टिकची खुर्ची टाकून मला बसवलं. हलग्या जवळ आल्या, हर्र बोला हर्र उठलं आणि गर्दीवरून आमचा नंदीध्वज येताना दिसला. इतकी वर्षं तो पेलताना मला काय दिसलं होतं? छातीला भिडलेला बांबू आणि पुढच्या माणसाची पाठ. उन्हात डोलत येणारा तो सबंध नंदीध्वज बुडापासून शेंड्यापर्यंत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. काय देखणा होता! हात जोडावेत म्हणून उचलले, ते मांडीवरून वीतभर उठले आणि थांबले. बायकोनं माझ्या कोपरांखाली हात घातला आणि उचलून छातीशी आणले. मला रडू आलं. त्या शनिवारी देवळात जे बोललो होतो त्याची माफी मागायची राहून गेली होती, ती मागितली. मागायचं म्हणून दुसरं काही सुचलंच नाही.

टप्पा संपल्यावर शिवानंद गर्दीतून वाट काढत खुर्चीपाशी आला. अंगातली बाराबंदी घामानं भिजलेली, मांड्या थरथरत होत्या. वाकला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला उठवायला माझ्या हातात बळ नव्हतं, म्हणून तो बराच वेळ तसाच राहिला. चार वर्षांनी भावाशी बोलायचा पहिला शब्द काय असावा यावर मी अंथरुणात पडून पुष्कळ विचार केला होता. त्यातला एकही ओठांवर आला नाही.

"शिवा," मी म्हणालो, "तांब्याभर पाणी पी. आणि रात्री रंग बघ."