मडक्याचं भांडण

पहिल्या दिवशी मडकं मुकं असतं, दुसऱ्या दिवशी कुजबुजतं, मग दोन-तीन दिवस भांडतं आणि शेवटी समजूत पटून गप्प बसतं. चामोर्शीकडच्या त्या जंगलालगतच्या गावात बायनाबाई हे सगळं तोंडाने करून दाखवायची. कुजबुजीला ओठांच्या कोपऱ्यातून ‘पुच्-पुच्’, भांडणाला गाल फुगवून ‘भुडुक-भुडुक-फस्’, समजुतीला नुसतीच मान डोलवायची. बाया हसून लोळायच्या. पण आपलं मडकं चुलीवर चढवण्याआधी कान लावायला तिलाच बोलवायच्या. भांडत्या मडक्याखाली जाळ घातला की फेस नळीत चढतो आणि दारूऐवजी हाती येतं ते आंबट पाणी.

दारूबंदी येऊन पाचेक वर्षं झाली होती. पण सोयरिकीच्या एका मडक्याची चुगली गावात कोणी करत नसे.

आणि आता सोयरीक तिच्याच घरची होती, मुलाची, इसरूची. मुलीचा बाप चैतू शनिवारी येणार होता. मुलाच्या घरी उतरवलेल्या दारूचे चार थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सांडायचे आणि उरलेला द्रोण मुलीच्या बापाने प्यायचा, अशी रीत. आवडली नाही तर तो द्रोण पालथा घालून उठतो, की संपलं. आदल्या साली चैतूने एका घरी असाच पालथा घातला होता. वर नदीपल्याडच्या माणसाला हाक मारावी तशा आपल्या आवाजात म्हणाला होता, “ज्या बाईले मडक्यासाठी दम निंगत नाई, तिले माह्या पोरीसाठी का निंगन?”

यंदा मोहफुलांच्या दिवसांत गारा पडल्या होत्या. दारूसाठी फुलं परवडेनात. बायनाबाईने राईस मिलवरून कोंबड्यांना घालतात ती तांदळाची कनकी आणली, मऊ शिजवली, मनगटाला सोसेल इतकी निवू दिली, मोड आलेली मूठभर ज्वारी वाटून घातली, आंबवणासाठी जंगली मुळ्यांची वाळकी गोळी चुरून टाकली आणि मंगळवारी मडक्याचं तोंड बांधलं.

“बाई वो, ईवायाले कोंबड्याईचा चारा पाजता का?” जाऊ गिरजाबाई म्हणाली. “सकाळी उठून आरवन ना तो!”

“हो ना, तं काय,” बायनाबाई म्हणाली.

थंडी सुरू झाल्यापासून ती सगळ्यांना हेच म्हणत होती. दोन्ही कानांत कापूस कोंबल्यागत झालं होतं. इसरूने विचारलं होतं, “आई, तुले आयकाले येत नाई का?” त्यालाही ती “हो ना, तं काय” म्हणाली होती. गाव जिला कानासाठी बोलावतं, तिने हे सांगावं कोणाला?

शुक्रवारी दुपारी तिने मडक्याला कान लावला. एकदम शांत. दुसरा कान लावला, तोही शांत. बायनाबाई खूश झाली. लवकरच समजूत पटली म्हणायची! तिने लेकीला, सोमारीला, चूल पेटवायला सांगितली.

सोमारी काडीपेटी हातात धरून उभीच राहिली. “आई वो, ते तं भांडून राह्यलं!”

“हो ना, तं काय. पेटव.”

दारातून गिरजाबाईनेही काही म्हटलं. बायनाबाईला तिचे ओठ दिसले. मग सोमारीचे दिसले. दोघी मडक्याकडे बोट करत होत्या आणि दोघी हसत नव्हत्या.

बायनाबाईने मडक्याचं फडकं सोडलं. आत फेस उकळ्या फोडत होता. तिने ढवळायची बांबूची काडी आत उभी केली आणि वाकून बघताना तिच्यावर हनुवटी टेकली. काडीचं टोक दातांना लागलं.

भुडुक.

तिने काडी दातांत घट्ट धरली. भुडुक-भुडुक-फस्! कानांत नव्हे, कवटीत चाललं होतं. भांडण अगदी भरात.

“इझव ते चूल,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी चैतू आला तेव्हाही मडकं भांडतच होतं. इसरू घाबरून म्हणाला, “आता का करतं, आई?”

“का वो ईहीनबाई!” चैतू अंगणातूनच गरजला. “द्रोन कुठी आहे?”

गेल्या चार महिन्यांत कोणाचं बोलणं तिला असं शब्द न् शब्द ऐकू आलं नव्हतं.

“आज नाई भेटत,” तीही तशीच गरजली. “मडकं भांडून राह्यलं. मले कानानं आयकाले येत नाई, दातानं येते. समजूत पटली का उतरवीन.”

चैतू मडक्यापाशी आला, कान लावला, डोकं हलवलं. मग दुसरा कान.

“मले बी नाई येत,” तो म्हणाला. अंगणभर ऐकू गेलं. “दे ते काडी.”

त्याने काडी चावली. डोळे मोठे झाले. फेटा उतरवून खुंटीला अडकवला आणि सोमारीला म्हणाला, “भात टाक वो पोरी. हे आज थांबत नाई.”

रविवारी दुपारपर्यंत दोघं आळीपाळीने काडी चावत बसले. शेवटी बायनाबाईने नुसतीच मान डोलवली आणि चूल पेटली.

चैतूने चार थेंब सांडले, उरलेलं घोटलं आणि रिकामा द्रोण जमिनीवर सरळ ठेवला. तो कलला तेव्हा बाजूला खडा लावून नीट उभा केला. जाताना त्याने बायनाबाईच्या कुंपणातली एक बांबूची काडी उपटली, दातांत धरून पाहिली आणि काखेत मारून नेली.